कापलेले पैसे आणि शिकलेली मुले

द्वितीय वर्ष, कला

‘प्राप्तिकर’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर मोठे व्यापारी, नामांकित डॉक्टर, सिनेनट आणि त्यांच्या घरांवर पडणारे छापे येतात. आमच्यासारख्या घरांत हा विषय सहसा निघत नाही आणि निघालाच तर हसण्यावारी जातो. “आपल्याला कसला आलाय इन्कमटॅक्स? तेवढं मिळालं असतं तर गावाला पेढे वाटले असते!” हे वाक्य मी घरी, शेजारी आणि एस.टी. स्टँडवरही ऐकले आहे. वाक्य मजेदार आहे, पण ते अर्धेच खरे आहे. आपण कर देणे लागत नाही हे खरे. परंतु आपला कर कापला जात नाही, हे मात्र खरे नाही. देणे लागणे आणि कापले जाणे यांच्यामध्ये एक फट आहे आणि त्या फटीत साध्या माणसांचे पैसे वर्षानुवर्षे पडून राहतात. ते परत मिळतात, मात्र मागावे लागतात. आणि मागायचे तर आधी कागद वाचावा लागतो.

कागद वाचणारे माणूस अनेक घरांत आता पहिल्यांदाच तयार होत आहे. ते म्हणजे तुम्ही-आम्ही. म्हणूनच हा विषय वाणिज्य शाखेवर सोपवून आपण मोकळे होऊ नये, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते.

“कलेच्या विद्यार्थ्याला यातले काय कळणार?” असा प्रश्न कोणी विचारील. माझे उत्तर असे की, यातली पहिली अडचण गणिताची नसून भाषेची आहे. सूट, वजावट, करसवलत आणि परतावा हे चार शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. प्रत्यक्षात ते चार वेगळे शब्द आहेत. जे उत्पन्न करासाठी मोजलेच जात नाही, त्याला सूट असते; शेतीचे उत्पन्न किंवा शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी मिळालेली शिष्यवृत्ती ही त्याची उदाहरणे. वजावट ही उत्पन्नातून होते, करातून नव्हे. करसवलत म्हणजे हिशेबाने निघालेल्या करातून मिळणारी माफी. आणि परतावा म्हणजे आधीच कापलेले आपले पैसे परत मिळणे. एवढा फरक ज्याला समजला त्याने अर्धा गड सर केला. शब्दाच्या छटा ओळखणे हे तर आपल्या शाखेचेच काम आहे!

हा फरक न कळल्यामुळे काय होते ते पाहा. फेब्रुवारी-मार्च आला की कर वाचवण्यासाठी पॉलिसी घ्या, असे सांगणारे लोक दारोदार फिरू लागतात. महिना पन्नास हजार पगार असलेल्या माणसाला ते तीस हजारांच्या हप्त्याची पॉलिसी गळ्यात मारतात आणि तो बिचारा तीस हजारांचा कर वाचला या समाधानात राहतो. वास्तविक तीस हजारांची वजावट पाच टक्के दराच्या माणसाचे दीड हजार रुपये आणि वर थोडा अधिभार एवढेच वाचवते. तेही जुन्या करपद्धतीत. २०२० मध्ये आलेली नवी करपद्धती २०२३-२४ पासून आपोआप लागू होणारी पद्धती झाली आणि तिच्यात अशा पॉलिसीच्या हप्त्याला वजावटच नाही. शिवाय २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करसवलतीमुळे कर शून्य होतो. नोकरदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने त्याची मर्यादा पावणेतेरा लाखांवर जाते. (शेअरच्या नफ्यासारख्या खास दराच्या उत्पन्नाला ही सवलत नाही, हे लक्षात ठेवावे.) म्हणजे ज्याचा कर मुळात शून्य आहे त्याला कर वाचवण्याचे औषध विकले जाते. विमा घ्यावा, अवश्य घ्यावा. पण तो घरातल्या माणसांसाठी घ्यावा. नसलेल्या कराच्या भीतीने घेऊ नये.

तेव्हा सामान्य माणसाचा खरा प्रश्न कर वाचवण्याचा नाही. कापलेला कर परत आणण्याचा आणि पुढचा कापू न देण्याचा आहे.

उगमापाशीच कापल्या जाणाऱ्या कराला टीडीएस म्हणतात. पैसे देणारा तो कापून सरकारात भरतो. त्यामागची कल्पना वाईट नाही; मोठ्या कमाईवाल्यांना पळवाट राहू नये म्हणून ती सोय आहे. परंतु कापणारा समोरच्याचे एकूण उत्पन्न पाहत नाही, फक्त दिलेली रक्कम पाहतो. त्यामुळे सुपात मोठे आणि लहान दाणे एकत्रच पाखडले जातात.

माझ्या मामाचेच उदाहरण देतो. त्याचा एक टेम्पो आहे आणि तो एका कारखान्याचा माल वाहतो. वर्षाचे बिल सुमारे चार लाख ऐंशी हजार. त्यातून डिझेल, टायर, दुरुस्ती आणि बँकेचा हप्ता जाऊन हातात काय उरते ते मामीला विचारावे! प्रत्येक बिलातून एक टक्का कापला जाई. वर्षाला चार हजार आठशे रुपये. मामा त्याला ‘कटिंग’ म्हणायचा. कारखान्याचा हा काही दस्तूर असावा, अशी त्याची समजूत होती. खिडकीवरच्या माणसानेही “सगळ्यांचंच कापतात” एवढेच उत्तर दिले होते. ते उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. ज्या वाहतूकदाराकडे दहा किंवा त्याहून कमी मालवाहू गाड्या आहेत, त्याने आपला पॅन क्रमांक आणि तसे लेखी निवेदन दिले तर त्याच्या भाड्यातून हा कर कापायचाच नसतो. शिवाय अशा लहान वाहतूकदाराला हिशेबाच्या वह्या ठेवायच्या नसतील तर हलक्या मालवाहू गाडीमागे महिना ७,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ९०,००० रुपये, उत्पन्न धरून विवरणपत्र भरता येते; प्रत्यक्ष कमाई जास्त दाखवायची असेल तर ती दाखवावी. कोणत्याही बाजूने पाहिले तरी मामाचा कर शून्य. त्याने विवरणपत्र भरले आणि त्या वर्षाचे चार हजार आठशे बँकेत जमा झाले. एका टायरचे पैसे! कारखान्याला निवेदन दिल्यावर पुढची कटिंगही थांबली.

ज्याच्याकडे पॅन नाही, किंवा पॅन आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झाला आहे, त्याचे हाल याहून वाईट. त्याच्या पैशांतून साधारणपणे वीस टक्क्यांनी कर कापला जातो. एक टक्क्याच्या जागी वीस टक्के! म्हणून घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाचा पॅन चालू आहे ना, हे पाहणे हा बचतीचा पहिला धडा समजावा. आपल्यातले काही जण संध्याकाळी घरोघर सामान पोचवतात, कोणी शिकवण्या देणाऱ्या कंपनीचे काम करतात. त्यांनीही आपल्या पैशांतून काही कापले जाते का, ते पाहावे. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर २६-एएस नावाचा उतारा मिळतो. आपल्या नावावर कोणी किती कर कापून भरला हे त्यात लिहिलेले असते. सातबारा पाहावा तसा हा उतारा वर्षातून एकदा पाहावा.

दुसरी जागा म्हणजे बँकेतील मुदत ठेव. समजा, पन्नाशीतल्या एका विधवा बाईने पतीच्या विम्याचे दहा लाख सात टक्क्यांनी ठेवले. वर्षाचे व्याज सत्तर हजार. हेच तिचे सारे उत्पन्न. १ एप्रिल २०२५ पासून साठ वर्षांखालील माणसाचे एका बँकेतील व्याज पन्नास हजारांच्या वर गेले की दहा टक्के कर कापला जातो. ज्येष्ठांसाठी ही मर्यादा एक लाख आहे. म्हणजे जिला कर शून्य तिचे सात हजार गेले. २०२५-२६ साठी यावर उपाय म्हणजे ‘१५-जी’ हा अर्ज आणि साठीच्या पुढच्यांसाठी ‘१५-एच’. आपला कर शून्य आहे, म्हणून कापू नका, एवढेच त्यात सांगायचे असते. १५-जी साठी व्याजाची एकूण रक्कम करमुक्त मूळ मर्यादेच्या आत असावी लागते. हा अर्ज दरवर्षी, आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच आणि प्रत्येक बँकेत वेगळा द्यावा लागतो. एकदा दिला म्हणजे कायमचा झाला, या समजुतीने कित्येकांचे पैसे कापले जातात.

कापले गेलेच तर विवरणपत्र भरून ते मागावे. सरकारी संकेतस्थळावर विवरणपत्र भरण्यास एक पैसाही पडत नाही. परताव्यासाठी बँकखाते मात्र तिथे आधी पडताळून घ्यावे लागते. मुदत टळली तरी ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे विवरणपत्र भरता येते आणि ज्याचे उत्पन्न मूळ मर्यादेच्याच आत आहे त्याला विलंबशुल्कही लागत नाही. त्याहून जुन्या वर्षांसाठी विलंब माफ करण्याचा अर्ज करता येतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे संबंधित कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत तो करावा लागतो आणि उशिराचे खरे कारण द्यावे लागते. पाच वर्षांनंतर मात्र दार बंद. तेव्हा घरातल्या ट्रंकेतले जुने कागद आजच उघडलेले बरे.

कुटुंब-निवृत्तिवेतन घेणाऱ्या माउल्यांसाठीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पतीच्या मागे मिळणारे निवृत्तिवेतन कायद्याच्या दृष्टीने पगारात येत नाही, इतर उत्पन्नात येते. म्हणून नोकरदाराची प्रमाणित वजावट तिला मिळत नाही. पण तिला वेगळी वजावट आहे. रकमेचा एक-तृतीयांश किंवा १५,००० रुपये, यांतले जे कमी ते. नव्या करपद्धतीत २०२४-२५ पासून ही मर्यादा २५,००० झाली आहे. विवरणपत्रात ती मागावी लागते.

आता थोडे आमच्या प्राध्यापकवर्गासाठी. ज्यांचे उत्पन्न बारा लाखांच्या वर आहे आणि ज्यांच्यावर घरकर्ज, भाडे, आजारपण असा भार आहे, त्यांनी दोन्ही पद्धतींनी हिशेब करून पाहावा. जुन्या पद्धतीत काही वजावटी अशा आहेत की त्या हक्काच्या असूनही राहून जातात. दिव्यांग मुलाचा किंवा अवलंबून असलेल्या नातेवाइकाचा सांभाळ करणाऱ्यास ७५,००० रुपये आणि अपंगत्व ऐंशी टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपये. प्रत्यक्ष खर्च कितीही झालेला असो. वृद्ध आईवडिलांचा आरोग्यविमा नसेल तर त्यांच्या औषधपाण्याचा खर्च ५०,००० पर्यंत. घरभाडे भत्ता न मिळणाऱ्याला भाड्यासाठी महिना ५,००० पर्यंत, अटींसह. उच्चशिक्षणाच्या कर्जावरील व्याज आठ वर्षे पूर्ण वजा होते, त्याला रकमेची मर्यादा नाही. आणि पगाराची थकबाकी एकदम मिळाल्यामुळे कर वाढला असेल, तर ती ज्या वर्षांची होती त्या वर्षांत विभागून दिलासा मिळतो. हा दिलासा दोन्ही पद्धतींत आहे. मात्र २०२५-२६ साठी विवरणपत्राआधी ‘१०-ई’ हा अर्ज भरलेला असला पाहिजे. तो राहिला तर दिलासाही जातो. १ एप्रिल २०२६ ही १९६१ च्या कायद्याऐवजी २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याची सुरुवात. त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. म्हणून क्रमांक पाठ करण्यापेक्षा अर्थ लक्षात ठेवणे शहाणपणाचे.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की, हा मुलगा कर टाळायला शिकवतो आहे. तसे मुळीच नाही. जो कर आपण देणे लागतो तो द्यावा आणि ताठ मानेने द्यावा, या मताचा मी आहे. त्याचे कारणही घरातलेच आहे. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. त्या कामाने घर तगले. पुढे रोजगार हमीच्या कामांसाठी पैसा उभा राहावा म्हणून महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसायकराचा कायदा केला. शहरातल्या कारकुनाच्या पगारातून कापलेल्या रुपयांनी खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम दिले. आजही पगारपत्रकावर दिसणारे ते दोनशे रुपये, वर्षाला फार तर अडीच हजार, याच कायद्याचे आहेत. अशा कराबद्दल कुरकुर करणे मला कृतघ्नपणाचे वाटते. पण त्याच कायद्याने कायम अपंगत्व असलेल्यांना, मतिमंद मुलांच्या पालकांना आणि पासष्टीच्या पुढच्यांना हा कर माफ केला आहे. १ एप्रिल २०२३ पासून महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांनाही तो नाही. ज्याला कायद्यानेच माफी दिली त्याच्याकडून अजाणतेपणी पैसे जात राहणे यात ना देशाचे भले, ना कायद्याचा मान.

उलट बाजूचीही फसवणूक आहे. भरघोस परतावा मिळवून देतो असे म्हणणारे दलाल न दिलेल्या देणग्या आणि नसलेले खर्च दाखवून विवरणपत्र भरतात आणि परताव्यात टक्केवारी घेतात. जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर खात्याने अशा खोट्या वजावटींविरुद्ध देशभर सुमारे दीडशे ठिकाणी तपासणी केली होती. दलाल पसार होतो आणि नोटीस येते ती सही करणाऱ्याला. तेव्हा जे आपले आहे तेवढेच मागावे, आणि ते पूर्ण मागावे.

कापलेल्या पैशांची आणखी एक जात आहे. आईच्या किंवा वडिलांच्या पासबुकात मे महिन्याच्या अखेरीस २० रुपयांची किंवा ४३६ रुपयांची नोंद आहे का, पाहा. वीस रुपये म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता. अपघाती मृत्यू आल्यास दोन लाख. चारशे छत्तीस म्हणजे जीवनज्योती विमा योजना. कोणत्याही कारणाने मृत्यू आल्यास दोन लाख. खाते उघडताना कोणीतरी सही घेतलेली असते, हप्ता मुकाट्याने जात असतो आणि घरात मात्र कोणालाच ठाऊक नसते. माणूस गेल्यावर मागायचे काय, हे ठाऊक नसेल तर तो विमा असून नसल्यासारखाच. तसेच दहा वर्षे विचारपूस न झालेल्या बँक-ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. त्या शोधण्यासाठी ऑगस्ट २०२३ पासून ‘उद्गम’ हे संकेतस्थळ आहे. आजोबांच्या नावाचे एखादे विसरलेले खाते तिथे सापडू शकते आणि वारसाला ते मागता येते.

मित्रहो, या साऱ्यांत एकही गोष्ट गुप्त नाही. सर्व काही छापलेले आहे. मग ती आपल्या माणसांपर्यंत का पोचत नाही? ज्यांना जास्त वाचवायचे असते त्यांच्याकडे सनदी लेखापाल असतो. ज्याचे चार हजार अडकलेले असतात त्याला लेखापालाच्या पायऱ्या चढण्याचाच संकोच वाटतो. त्यात कागद इंग्रजी, अर्ज संगणकावर, आणि ‘सरकारी कागदाच्या वाटेला जाऊ नये’ ही पिढ्यान्‌पिढ्यांची भीती. ही भीती अडाणीपणाची नाही, अनुभवाची आहे. ज्यांनी आयुष्यभर अंगठा उठवला आणि नंतर काय लिहिले होते ते कळल्यावर हळहळले, त्यांना कागदाचे भय वाटणारच. ते भय भाषणाने जाणार नाही. घरातल्याच पोराने किंवा पोरीने शेजारी बसून ओळ न ओळ वाचून दाखवली, तर ते कमी होईल.

म्हणून एक सूचना करतो. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना आहे आणि तिच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचे असते. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. ते चांगलेच आहे. त्यांतले काही तास विवरणपत्रे भरण्याच्या दिवसांत ग्रंथालयाबाहेर एक टेबल मांडून ‘कागद-वाचना’साठी द्यावेत. वाणिज्य विभागाच्या सरांनी आठ दिवस धडे द्यावेत आणि आपण गावातल्या हमालांना, टेम्पोवाल्यांना, शिवणकाम करणाऱ्या बायकांना २६-एएस वाचून दाखवावा, १५-जी समजावून द्यावा. कोणाचा सांकेतिक शब्द किंवा मोबाइलवर येणारा आकडा आपण विचारायचा नाही, कोणाच्या वतीने सही करायची नाही आणि पैसा घ्यायचा नाही, एवढे तीन नियम पाळले तर धोका राहणार नाही.

पदवीचा उपयोग काय, हा प्रश्न आमच्या घरांत रोज विचारला जातो आणि नोकरी लागेपर्यंत त्याला उत्तर नसते. चार हजार आठशे रुपयांनी कोणाचे दारिद्र्य जात नाही, हे मीही जाणतो. पण हक्काचे पैसे, कोणाच्या पाया न पडता, कोणाला चिरीमिरी न देता, नुसता कागद नीट वाचून परत आणता येतात, ही गोष्ट मामाच्या घरी सर्वांनी पाहिली. आता तो कोणतीही पावती आली की खिशात कोंबत नाही. घडी उलगडून, खालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून विचारतो, “हे काय लिहिलंय, बघ बरं.” प्रत्येक घरात असे विचारणारे कोणीतरी असेल. आपण सांगणारे व्हावे.